गणपूर्ती

आमच्या मराठी विभागाची बोलींतील शब्दांची सूची तीन संगणकांवर एकाच वेळी नोंदवली जाते. एक बंद पडला तरी काम अडू नये, हा हेतू. त्यांना आम्ही हौसेने अहिराणी, वऱ्हाडी आणि मालवणी अशी नावे दिली होती. गेल्या पावसाळ्यात मालवणीची हार्ड डिस्क निकामी झाली. काम मात्र चालूच राहिले. मग तिचे नाव वगळण्याची घाई कशाला, असे आम्ही संगणक विभागातील सहकाऱ्यांना विचारले.

उत्तर सभाशास्त्रातले निघाले. अशा गटात प्रत्येक नोंद बहुमताने पक्की होते. तिघांत दोघांची संमती हवी. मात्र ही गणपूर्ती हजर सदस्यांवर नव्हे, पटावरील नावांवर मोजली जाते. मृत सदस्य मत देत नाही, पण मोजणीत असतोच. त्याला न वगळता नवा घेतला, तर पट चारांचा आणि गणपूर्ती तिघांची होते. नवा उभाच राहिला नाही, तर उरलेले दोघे हतबल. त्यांना जुने नावही काढता येत नाही, कारण नाव काढणे हासुद्धा एक ठरावच! म्हणून आधी वजाबाकी, मग बेरीज.

या विद्येचा एक मूळ ग्रंथ म्हणावा असा लेस्ली लॅम्पोर्ट यांचा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. तो पॅक्सोस या ग्रीक बेटावरील कल्पित संसदेचा इतिहास म्हणून लिहिलेला आहे. सदस्य सभागृहात येतात, मध्येच निघून जातात, तरीही कायदे परस्परविरोधी होत नाहीत. कथनाचे हे रूप आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे.

आम्हांला अधिक अस्वस्थ केले ते मौनाने. उत्तर न देणारे यंत्र मेले आहे की केवळ मंदावले आहे, हे दुसऱ्या यंत्राला दुरून खात्रीने कळत नाही. ठरावीक वेळ वाट पाहून ते गेले असे धरावे लागते. काही व्यवस्थांत तर संशयिताची वीजच आधी तोडतात. न जाणो, ते अर्धवट जागे होऊन जुन्याच समजुतीने लिहू लागले तर? या उपायाच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला’ असा आहे. शब्द क्रूर खरा, पण ‘कार्यमुक्त’सारख्या कार्यालयीन सौजन्यापेक्षा आम्हांला तो प्रामाणिक वाटला.

‘मालवणी वगळा’ ही आज्ञा पडद्यावर उमटली तेव्हा खोलीत कोणी बोलले नाही. बोलींची सूची करणाऱ्यांना ते वाक्य सहज वाचता येण्यासारखे नव्हते. पुढच्या आठवड्यात नवी डिस्क घेऊन ती परतली, ती पूर्ण रिकामी. अहिराणी आणि वऱ्हाडीकडून तिने सगळे शब्द पुन्हा उतरवून घेतले. नाव आम्ही तेच ठेवले. पटावरचा क्रमांक मात्र नवा आहे.