बैलाच्या गुडघ्याचा मुलूख

बीजिंगहून दक्षिणेकडे झेंगझौला जाणारी रेल्वे वाटेत शिजियाझुआंग शहरावरून जाते. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी तिथेच आहे. १९३८ साली ते जखमी चिनी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी गेले आणि १९४२ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारले. ते औषधे घेऊन गेले होते. मी मात्र दोन दुखरे गुडघे घेऊन चाललो होतो. तीस वर्षे बांध तुडवले, फटफटीला किका मारल्या, त्याची ही बिदागी. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सांधा बदलण्याची भाषा सुरू केली होती.

आमचा दौरा होता गव्हाचे बियाणे पाहण्याचा. झेंगझौहून होआंग-हो नदी ओलांडली की हनान प्रांतातला वेन तालुका लागतो. नदीने आणून टाकलेली खोल, सपाट जमीन. उन्हाळ्यात मका, हिवाळ्यात गहू. ऑक्टोबरची अखेर होती; गहू नुकता वर आला होता. पण मला गव्हापेक्षा शेजारच्या चरांनी थांबवले. माणूस छातीपर्यंत चरात उतरलेला आणि हाताने माती उकरून लांब, काठीसारखा कंद अलगद सोडवतोय! आपल्या कोनफळाच्याच जातकुळीतला हा कंद. तिकडे तो भाजीही आहे आणि पोटाचे औषधही. वाळूच्या रानात तो सरळ, देखणा येतो. चिकण रानात बारीक, वाकडातिकडा. आणि भाव वाकड्याला जास्त! आपल्या बाजारात अशी अक्कल कधी येईल कोण जाणे.

या मुलखाची चार औषधी पिके चीनभर नावाजलेली आहेत. हा कंद, औषधी शेवंती, ‘दिहुआंग’ नावाची मुळी आणि ‘न्यूशी’. दिहुआंगचे गड्डे वाफवतात, वाळवतात, पुन्हा वाफवतात. असे नऊ वेळा करण्याची जुनी रीत आहे. काळेभोर, गोड, मऊ होतात. पण हे पीक एकदा घेतले की त्याच रानात आठ-दहा वर्षे पुन्हा घेत नाहीत. घेतले तर गड्डे पोसतच नाहीत. जमिनीला विसावा द्यायचा, मधल्या काळात गहू-मका घ्यायचा. ऊसावर ऊस घेणाऱ्या आपल्या मंडळींना हे मुद्दाम सांगतो.

न्यूशी म्हणजे बैलाचा गुडघा. नाव ऐकून मला हसू आले. मग दुभाष्याने झाड उपटून दाखवले आणि मी चकित झालो. अहो, हा तर आपल्या आघाड्याचा सख्खा भाऊ! गणपतीच्या पत्रीत, मंगळागौरीच्या पूजेत आपण वाहतो तो आघाडा. खोडाची पेरे तशीच सुजल्यासारखी, बैलाच्या गुडघ्यासारखी. तिकडचे वैद्य याची मुळी कंबर-गुडघ्याच्या दुखण्यावर देतात.

साहजिकच मी वैद्याकडे गेलो. त्याने दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी पाहिली, जीभ पाहिली. मी रक्तदाबाची गोळी घेतो हे कळताच मुळीची पुडी त्याने परत कपाटात ठेवली. म्हणाला, “उद्या पहाटे चेनजियागौला जा.” मला हा वैद्य फार आवडला. जडीबुटी म्हणजे निरुपद्रवी, असे समजणारे पुष्कळ आहेत. न्यूशी गर्भवतीला वर्ज्य आहे. चिनी जडीबुटीतल्या एका वनस्पतीने युरोपात १९९० नंतर अनेकांची मूत्रपिंडे कायमची निकामी केली. तेव्हा आघाडा उपटून काढा करू नका!

चेनजियागौ म्हणजे चेन घराण्याची घळ. याच तालुक्यातले शेतकऱ्यांचे गाव. सतराव्या शतकात इथल्या चेन वांगतिंग नावाच्या लढवय्याने ‘ताय-ची’ची पद्धत बसवली असे मानतात. होती कुस्तीसारखी युद्धकला. आज जगभर ती प्रकृतीसाठी करतात. गावात तरुण पोरे उड्या मारून धूळ उडवत होती. पण मी पाहत राहिलो एका कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांकडे. पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले. सगळा भार सावकाश एका पायावर घ्यायचा, मग मोकळा झालेला पाय उचलायचा. पावसाळ्यात निसरड्या बांधावरून आपण चालतो ना, अगदी तसे. श्वास कोंडायचा नाही, दम लागू द्यायचा नाही. मी खाली बसू लागताच एका आजीने माझ्या दंडाला धरून वर ओढले. दुखऱ्या गुडघ्याने उंचच उभे राहायचे, फार वाकायचे नाही, आणि गुडघा पायाच्या अंगठ्यापुढे जाऊ द्यायचा नाही. सत्तरीच्या पुढची बाई, हात कुदळीने घट्टे पडलेले. काम झाले की ती थेट चरात उतरणार होती.

अमेरिकेतल्या सांधेतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली गुडघ्याच्या झिजेसाठी ताय-चीची जोरदार शिफारस केली. म्हातारपणी पडणे कमी होते, हेही तपासून पाहिलेले आहे. झिजलेली कूर्चा मात्र यातून परत येत नाही.

आल्यापासून रोज पहाटे वीस मिनिटे खळ्यावर मी हे करतो. दोन महिने काही फरक नव्हता. तिसऱ्या महिन्यात कचेरीचा जिना कठड्याला न धरता चढलो. आता मांडी घालून पंगतीत बसतो; उठताना मात्र शेजाऱ्याचा खांदा लागतो. शस्त्रक्रियेचे डॉक्टरांनी तूर्त पुढे ढकलले आहे. आमचे कुटुंब आधी हसायचे, “झोपेत चालताय की काय?” खुरपणीत उकिडवे बसून तिचेही गुडघे गेलेत. हल्ली तीही उभी राहते, पण गोठ्याकडे तोंड करून, गल्लीतून कुणी पाहू नये म्हणून.