पाण्याची बाटली

नातीला बालवाडींतून घरीं आणण्याचें काम सध्यां माझ्याकडे आहे. निवृत्त माणसाला घरांत जीं कांहीं मानाचीं पदें मिळतात, त्यांतलें हें सर्वांत मोठें. तिचें दप्तर माझ्या खांद्यावर, तिचें बोट माझ्या हातांत आणि तिची पाण्याची बाटली माझ्या गळ्यांत, अशी आमची मिरवणूक रोज दुपारीं बारा वाजतां निघते. गेल्या आषाढांत एके दिवशीं ती बाटली गळ्याला फार जड लागली. घरीं येऊन पाहिलें, तर सकाळीं सूनबाईनें भरून दिली होती तशीच ती भरलेली! दुसऱ्या दिवशीं तेंच, तिसऱ्या दिवशींहि तेंच. पावसाळी हवेंत तहान लागत नसेल, अशी मीं स्वतःची समजूत घातली आणि पाणी तुळशीला ओतलें.

परंतु पोर घरीं येतांच चपला न काढतां मोरीकडे धांव घेई. एकदां ती तेथवर पोंचली नाहीं. "शी! एवढी घोडी झालीस!" हे शब्द माझ्याच तोंडून निघाले. तिनें ते मुकाट्यानें ऐकून घेतले. रात्रीं मात्र माझ्या कानाशीं तोंड आणून ती म्हणाली, "आजोबा, पाणी प्यालं नाहीं ना, कीं शाळेंत शू लागतच नाहीं."

साडेतीन वर्षांच्या मुलीनें हा शोध कां लावला, तें हळूहळू उलगडलें. वर्गाचा नियम असा, कीं जायचें असेल तर उभें राहून इंग्रजींत पूर्ण वाक्य बोलावें, मग परवानगी मिळेल. वाक्य तिला पाठ होतें; पण एके दिवशीं तें अर्ध्यावर असतांनाच व्हायचें तें होऊन गेलें. वर्ग हंसला. तिला ओल्या कपड्यांनिशीं कोंपऱ्यांत बसविण्यांत आलें. तेव्हांपासून तिनें तहानच आवरली.

सभ्य मंडळींच्या बैठकींत हा विषय काढूं नये, असा आपला संकेत आहे. त्यामुळें त्यासंबंधींचें आपलें अज्ञानहि सुखरूप राहतें. मुलांना दिवसाचा ताबा बहुधा दोन ते चार वर्षांच्या दरम्यान येतो आणि त्यानंतरहि खेळाच्या नादांत, नव्या जागेंत, भीतीनें तो सुटतो. लहान मुलाला जाणीव होते तीच शेवटच्या क्षणीं. पाणी कमी पिऊन, दाबून धरून मलावरोध होतो, लघवीची जळजळ सुरूं होते. हें सारें डॉक्टरांनीं मला समजावून सांगितलें, तेव्हां माझें वय सत्तरीच्या घरांत होतें आणि स्वतःचीं दोन मुलें मीं वाढविलीं आहेत, असा माझा समज होता!

मी शाळेंत गेलों. बाईंनीं शिस्तीचें महत्त्व सांगितलें. त्यांनाहि मी दोष देत नाहीं; चाळीस मुलें आणि त्या एकट्या. परत निघालों, तों तेथील मावशींनीं मला फाटकाशीं गांठलें. "आजोबा, तिच्या चड्डीला नाडी नका लावूं. इलॅस्टिक घाला. तिला गांठ सुटत नाहीं, म्हणून ती घाबरते." एवढें बारीक निरीक्षण आमच्या घरांत कोणींच केलें नव्हतें.

त्या दिवशीं मीं मावशींचें काम ओसरींत बसून पाहिलें. एक मुलगा ओला होऊन आला. "पाणी सांडलं वाटतं," एवढेंच म्हणून त्यांनीं त्याला आडोशाला नेलें. "धुऊं ना?" असें आधीं विचारलें. मग त्याच्या हातांत मग दिला, स्वतः फक्त आधार धरला आणि शेवटीं साबणानें दोघांनीं हात धुतले. मुलींना पुढून मागें धुवायचें, तेंहि त्या एखादें गाणें शिकवावें तसें शिकवीत.

रोममधील सान लोरेन्झो वस्तींत १९०७ सालीं मारिया मॉन्टेसोरींनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथें त्यांनीं एकदां मुलांना नाक कसें शिंकरावें याचा पाठ दिला. थोडा गमतीनेंच दिला; पण मुलें हंसलीं नाहींत, त्यांनीं टाळ्या वाजविल्या. नाकावरून त्यांना सर्वांनीं रागें भरलें होतें. शिकविलें कोणींच नव्हतें. आपल्याकडे ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीला कार्य आरंभिलें. वस्तींतलीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां त्यांनीं बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली आणि पोरांना स्वच्छ करणें हाहि शिक्षणाचाच भाग मानला. 'अंगणवाडी' हा शब्द आपण उचलला. त्यांतलें हें मर्म मात्र मावशींच्या तुटपुंज्या पगारावर सोंपवून मोकळे झालों.

मीं बाईंना एक विनंति केली. आमच्या लहानपणीं पंतोजींची छडी फार कडक होती. पण करंगळी वर केली, कीं तेहि नुसती मान हलवीत. वाक्याऐवजीं करंगळी चालणार नाहीं का? बाई क्षणभर थांबल्या आणि हंसून "चालेल" म्हणाल्या.

घरीं येऊन मीं नातीपाशीं माझी चूक कबूल केली. तिला तिचें फारसें कांहीं वाटलेलें दिसलें नाहीं. बाटली मात्र आतां हलकी असते.

अलीकडे रात्रीं मलाहि दोनदां उठावें लागतें आणि पायजम्याची नाडी अंधारांत चटकन् सुटत नाहीं. हा रस्ता कोठें जातो, हें मला ठाऊक आहे. एक दिवस माझीहि करंगळी वर होईल. त्या वेळीं जवळ जें कोणी असेल, त्यानें त्या मावशींसारखें "पाणी सांडलं वाटतं" म्हणावें, मी म्हणालों होतों तसें म्हणूं नये, एवढीच माझी इच्छा आहे.