टोपीखालची रेघ

आमच्या वडिलांनी १९८७ साली इंदुरात घेतलेली प्रीमियर पद्मिनी अद्याप आमच्या अंगणात उभी आहे. त्यांच्या पश्चात ती चालती ठेवावी हा माझा हट्ट, आणि देवदर्शनाला जावयाचे ते तिच्यातूनच, हा आईचा.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सकाळच्या वेळी गाडी सुरू होईना. झालीच, तर एक सिलिंडर मिसिंग करी आणि गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकी. दुपारी ऊन पडले, की तीच गाडी विनातक्रार धावे. शाळा सुटल्यावर मी ती नेहमीच्या मिस्त्रींकडे नेई, तेव्हा तिला काहीच झालेले नसे. अखेर ते म्हणाले, "सर, डिस्ट्रिब्यूटर की कॅप खोलकर अंदर से देख लेते हैं. नमी में करंट भागता होगा." टोपी वरून तर लख्ख काळी दिसत होती. मला ही टाळाटाळ वाटली. "दोष सापडत नाही, म्हणून काहीतरी सांगता," असे चारचौघांत बोलून मी दुसऱ्या गॅरेजात गेलो. तेथे नवे प्लग बसले, नवी बॅटरी आली. दोष मात्र जागच्या जागी राहिला.

श्रावणातल्या एका सकाळी आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची वेळ ठरलेली होती. गाडी हलली नाही. रिक्षा मिळेपर्यंत आई फाटकाशी पावसात उभी राहिली. "असू दे रे, म्हातारी झाली आता ती," एवढेच म्हणाली. तो शब्द मला लागला.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. त्या रात्री बॅटरीची तार सोडवून मी टोपी उतरवली. इग्निशन कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टांचे हजारो व्होल्ट करते. टोपीच्या मध्यावरील कार्बनच्या कांडीतून ते रोटरला मिळतात आणि फिरता रोटर ते भोवतीच्या चार टोकांना १-३-४-२ या क्रमाने वाटतो. टॉर्चचा प्रकाश आतून तिरपा टाकताच दोन टोकांमध्ये केसाएवढी काळी रेघ दिसली. दमट हवेत ठिणगी त्या रेघेवरून शेजारच्या टोकाकडे आडवाट धरीत होती. टोकांवर पांढुरकी पूड साचलेली, कार्बनची कांडी झिजून आखूड झालेली. अशी रेघ खरवडून जात नाही; टोपी बदलावीच लागते, आणि तिच्यासोबत रोटरही बदलणे बरे. टोपीवरील तारा काढण्यापूर्वी त्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधाव्यात, म्हणजे पुढचा घोटाळा टळतो.

दुसऱ्या दिवशी ती टोपी घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो आणि चारचौघांतच म्हणालो, "तुमचे खरे होते. माझे चुकले." त्यांनी टोपी उजेडात फिरवून पाहिली. चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता. म्हणाले, "सर, सुबह तो गाडी मेरे पास कभी आई ही नहीं."

नव्या टोपीने गाडी भर पावसातही पहिल्या फेऱ्यात सुरू होऊ लागली. डोळ्याच्या तपासणीला आई तिच्यातूनच गेली. आणि शाळेत एखाद्या मुलाविषयी तक्रार आली, की हे कोणत्या वेळी घडते, हे मी आता आधी विचारतो. माझ्या खोलीत तो उभा राहतो तेव्हा बहुधा दुपार झालेली असते.