किल्लीचे वजन

समुद्राला सामोरे जाणाऱ्या माणसाने काठावर काय ठेवून जावे, या प्रश्नाला आपल्या परंपरेत उत्तरांची वाण नाही. अहंकार ठेवावा, मोह ठेवावा, ‘मी’ आणि ‘माझे’ ठेवावे. मोटारीची किल्ली कुठे ठेवावी, हे मात्र कुणी सांगितलेले नाही. हा प्रश्न क्षुद्र आहे, असे मलाही बरीच वर्षे वाटत असे.

मॉन्टेरे हे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे गाव. आम्ही राहतो तेथून गाडीने दीड तासावर. स्टाइनबेकची ‘कॅनरी रो’ (1945) ही कादंबरी ज्या रस्त्यावर घडते, त्या रस्त्याच्या एका टोकाला सॅन कार्लोसची लहानशी पुळण आहे आणि तिला लागून दगडी धक्का. धक्क्यावर समुद्रसिंहांचा अखंड कोलाहल असतो, पाण्याखाली केल्प या समुद्री शैवालाचे उंचच उंच रान. कादंबरीतला ‘डॉक’ ज्याच्यावरून घेतला, तो एड रिकेट्स याच परिसरात ओहोटीची वाट पाहत जलचर गोळा करी. पाठीवर हवेचे सिलिंडर असल्यामुळे आम्हाला ओहोटीची वाट पाहावी लागत नाही. आमची अडचण निराळी असते. गाडी कुलूपबंद करून पाण्याकडे निघालो की हातात किल्ली उरते.

होडीतून सूर मारणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही; त्याची किल्ली होडीवर, तांडेलाच्या नजरेखाली कोरडी राहते. काठावरून उतरणारे बहुधा दोघेच असतात आणि दोघेही पाण्यात जातात. मग कुणी ती चाकावर ठेवतो, कुणी बंपरच्या आत, कुणी जवळच्या दगडाखाली. पण या जागा जशा आपल्याला सुचतात तशाच चोरालाही सुचतात, आणि शिवाय त्याला निवांत वेळ असतो. जाड काळा पोशाख घालून, पाठीवर सिलिंडर घेऊन दोन माणसे पाण्यात शिरली, की पुढचा पाऊण तास ती परतत नाहीत, हे वाहनतळावर उभ्या असलेल्या कुणालाही कळते.

पूर्वीची किल्ली नुसत्या धातूची होती. ती बरोबर नेली तरी बिघडण्यासारखे तिच्यात काही नव्हते. आताच्या किल्लीत विद्युत्मंडल आणि बटनाएवढी बॅटरी असते. खारे पाणी आत शिरले की तिचा कारभार आटोपतो. यावर उपाय म्हणून मी एक जलाभेद्य डबी घेतली. झाकणाच्या खाचेत बसणारे रबरी कडे, त्यावर सिलिकॉनचे बोट फिरवायचे, झाकण घट्ट आवळायचे आणि डबी जॅकेटच्या खिशात, दोरीने बांधून. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. 15 मीटरवर तो काठावरच्या अडीचपट होतो. डबी त्याहून कितीतरी अधिक खोलीसाठी बनवलेली होती. माझा तिच्यावर विश्वास होता. निदान तसे मी समजत होतो.

त्या दिवशी पाणी 11 अंश सेल्सियस होते. हातात जाड मोजे. अशा मोज्यांतून खिशातली डबी नीट जाणवत नाही, म्हणून मी पुन्हा पुन्हा चाचपत होतो. खाली वाळूवर पांढऱ्या समुद्रफुलांचे ताटवे होते. ती फुले नव्हेत, प्राणी आहेत, हे ठाऊक असूनही दर वेळी मी थबकतो. त्या दिवशी थबकलो नाही. माझा हात खिशावर होता आणि लक्ष हातावर. माझ्या जोडीदाराने हवा निम्म्यावर आल्याची खूण केली, ती मी पाहिली नाही. त्याने पुन्हा केली. मी पुढेच जात राहिलो. शेवटी त्याने मागून येऊन माझा दंड धरला, आपला दाबमापक माझ्या डोळ्यांसमोर आणला, आणि त्यावरचा काटा पाहून मला थंडी वाजली ती पाण्याची नव्हती.

आम्ही नीट वर आलो. अनर्थ झाला नाही. परतीचे बरेचसे अंतर पृष्ठभागावरून, केल्पच्या गुंत्यातून कापावे लागले, एवढेच. काठावर डबी उघडली तेव्हा आत चमचाभर पाणी होते. रबरी कड्याखाली वाळूचा एक कण अडकला होता. अशी झाकणे खोल पाण्यात दाबाने अधिकच घट्ट बसतात. गळायची असली तर पुष्कळदा पहिल्या हात-दोन हात पाण्यातच गळतात. म्हणजे मी जिला पाऊण तास जपत होतो, ती किल्ली बहुधा आरंभीच गेलेली होती. दुसरी किल्ली घरी. ती घेऊन पत्नी येईपर्यंत आम्ही ओल्या पोशाखात भिंतीला टेकून बसलो. जोडीदार किल्लीबद्दल चकार शब्द बोलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आज तू माझ्याबरोबर नव्हतास. खिशाबरोबर पोहत होतास.”

बुडण्यासाठी आम्ही कमरेला दहा-बारा किलो शिसे बांधतो. त्या दिवशी सर्वांत जड वस्तू ती चार तोळ्यांची किल्ली होती. किल्ली सुरक्षित ठेवणे म्हणजे ती विसरता येईल अशी ठेवणे, हे मला तेव्हा कळले. कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर काठावरून सूर मारणारे पुष्कळ जण भाड्याची गाडी सरळ उघडी सोडतात आणि आत मोलाचे काहीच ठेवत नाहीत. चोराने काच फोडू नये, एवढीच अपेक्षा. तेही एक प्रकारचे विसरणेच.

माझ्या लहानपणी आई बाहेर जाताना खोलीची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवी. कुलूप लोखंडाचे होते, पण आमची सुरक्षितता काकूंच्या घरात खिळ्याला टांगलेली असे. पाण्याकाठी शेजार कुठून आणायचा, असे मी म्हणत असे. तो तर माझ्या शेजारीच पोहत होता.

आता मी साध्या धातूच्या दोन किल्ल्या करून घेतल्या आहेत. त्यांनी फक्त दार उघडते, इंजिन सुरू होत नाही. भिजल्या तर गोड्या पाण्याने धुवायच्या. खरी किल्ली गाडीतच, पत्र्याच्या घट्ट डबीत असते; त्या डबीतून तिची हाक गाडीला ऐकू जात नाही, हे घरी पारखून घेतले आहे. फोन आणि प्रथमोपचाराची पेटीही गाडीतच, नजरेआड. उतरण्यापूर्वी आम्ही एकमेकांची हवा, पट्टे, शिसे तपासतो आणि शेवटी गळ्यातली दोरी ओढून पाहतो. एक किल्ली माझ्या गळ्यात, पोशाखाच्या आत, दुसरी त्याच्या. दोघांपैकी एकच जण काठावर पोहोचला, तर गाडी त्याला उघडता आली पाहिजे.

हे वाक्य आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवलेले नाही. दोरी मात्र दर वेळी ओढून पाहतो.