पथ्याची शिदोरी

परभणी जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात वाढलेल्या माणसाच्या आयुष्यात शिदोरी फार लवकर येते आणि शेवटपर्यंत सुटत नाही. बालपणी ती धुऱ्यावरच्या बाभळीखाली सोडली जाते, तरुणपणी एस.टी.च्या बाकावर आणि उतारवयात आषाढीच्या दिंडीच्या मुक्कामावर. तिच्यातील जिन्नस दीर्घकाळ फारसे बदलले नव्हते: ज्वारीची भाकरी, कारळाची किंवा जवसाची चटणी, आणि मजल लांबची असेल तर धपाटे व दशमी, म्हणजे दुधात पीठ मळून केलेली, शिळी झाली तरी मऊ राहणारी भाकरी. ज्याला मध्यम वयात पोटाच्या विकारामुळे कडक पथ्य सांगितले जाते, त्याला ही शिदोरी नव्याने समजून घ्यावी लागते, कारण घरच्या स्वयंपाकघरात निभावणारे पथ्य राहुटीत, परक्या चुलीवर आणि मोठ्या पंगतीत निभावेलच असे नाही.

अशी पथ्ये प्रामुख्याने दोन प्रकारची असतात. सीलिअॅक या विकारात गहू, जव व राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या चिवट प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, ते अस्तर झिजून सपाट होते आणि लोहासारखी पोषकद्रव्ये अंगी लागत नाहीत; विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० च्या आपल्या प्रबंधात गव्हाशी असलेला हा संबंध मांडला, आणि आजही आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य करणे हाच त्यावरचा मुख्य उपचार आहे. आतड्याच्या अतिसंवेदनशीलतेसाठी, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात, ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला ‘लो फॉडमॅप’ आहार सांगितला जातो. त्यात आतड्यात आंबून वायू धरणाऱ्या शर्करांचे पदार्थ, म्हणजे गहू, कांदा, लसूण, हरभरा, दूध वगैरे, काही आठवडे बंद करून मग एकेक परत घेऊन पाहतात. पहिल्या पथ्यात चिमूटभर कणीकही चालत नाही, दुसऱ्यात प्रश्न प्रमाणाचा असतो. मुक्कामाच्या जेवणाची आखणी करताना हा भेद सर्वांत आधी ध्यानात घ्यायला हवा, आणि नेमका तोच बहुधा विसरला जातो.

शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड या वाटेने पंढरपूरला जाते, आणि जिल्ह्यातील गावोगावच्या दिंड्याही आषाढीसाठी तिकडेच वळतात. वाटेवरचे अन्नदान मनापासूनचे असते. पण सकाळी उपमा, दुपारी पुरी-भाजी आणि रात्री पोळी, असा गव्हाचाच बेत त्यात वारंवार येतो. जेथे ज्वारी हेच मुख्य अन्न होते, तेथे हे घडावे याची कारणे शेतात आणि रेशनच्या दुकानात आहेत: खरीप ज्वारीच्या रानात सोयाबीन आले, रेशनवर गहू-तांदूळ सुलभ झाले आणि भाकरी थापण्याच्या कष्टांपुढे पोळी सोयीची ठरली. पथ्य असलेल्या माणसाचे यात मोठेच नुकसान झाले आहे, कारण ज्वारीत ग्लुटेन मुळीच नसते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना दुष्काळाच्या १९७२ या वर्षी झाली, रब्बीसाठी ‘परभणी मोती’ हे वाण दिले आणि २०१८ मध्ये लोह व जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ प्रसारित झाले; सीलिअॅकच्या रुग्णात लोहाची कमतरता वारंवार आढळते, हे लक्षात घेता या दुसऱ्या वाणाचे मोल वेगळे सांगायला नको.

तथापि ज्वारी निवडली की काम संपले, असे नाही. गावच्या गिरणीत ज्या पाळ्यांतून गहू दळला जातो त्यांतूनच ज्वारी जाते, आणि आधीच्या दळणाचे पीठ पाळ्यांत, कापडी नळीत व डब्याच्या कडांना चिकटून राहते. म्हणून सीलिअॅकच्या माणसाची ज्वारी वेगळ्या घरघंटीत किंवा जात्यावर दळावी, हेच खरे. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी, आणि त्यांच्यासोबत विठ्ठल दळू लागला अशी वारकऱ्यांची श्रद्धा. त्या गावावरून जाणाऱ्या दिंडीत जाते बरोबर घेणे कोणाला विचित्र वाटण्याचे कारण नाही. दुसरी अडचण विरीची. ग्लुटेन नसल्यामुळे ज्वारीचे पीठ आपल्या विरीवर, म्हणजे ताज्या पिठाच्या चिकटपणावर, थापले जाते; पीठ शिळे झाले की विरी जाते आणि परातीत थापतानाच भाकरीच्या कडा फुटू लागतात. अशा वेळी पिठात उकळते पाणी ओतून उकड काढली की पिष्ट फुलून चिकट होते, मग पाण्याचा हात फिरवत भाकरी अलगद तव्यावर टाकता येते. लांबच्या वाटेवर पिठाऐवजी धान्य न्यावे, किंवा सोलापूरकडे करतात तशी पातळ कडक भाकरी घरूनच करून न्यावी. ती बरेच दिवस टिकते.

चवीचे जिन्नसही तपासून घ्यावे लागतात. बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, आणि आमटी गव्हापासून मुक्त असली तरी एका फोडणीने ती सीलिअॅकच्या माणसाला वर्ज्य ठरते. आयबीएसवाल्याची अडचण लसणाची. पण लसणातील त्रासदायक शर्करा पाण्यात विरघळते, तेलात नाही, म्हणून पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर वास राहतो आणि त्रास टळतो. वाटेत येणाऱ्या एकादशीचा फराळ सीलिअॅकच्या पथ्याला आपसूक जुळतो, कारण राजगिरा, साबुदाणा, शेंगदाणे आणि भगर यांपैकी कशातही ग्लुटेन नाही. मात्र पावसाळी दमट हवेत भगरीला व तिच्या पिठाला बुरशी लागून विषबाधा होते, म्हणून ती सुटी, जुनी किंवा दळून ठेवलेली घेऊ नये.

सर्वांत अवघड असते ती पंगत. अन्नदात्याला नकार देणे वारकऱ्याला जड जाते, आणि ‘थोडेसे खाल्ल्याने काय होते’ हा आग्रह प्रेमाचाच असतो. तरीही प्रसादाचा शिरा कपाळाला लावून शेजाऱ्याच्या पानात वाढला तर प्रसादाचा मान राहतो आणि आतडेही वाचते. विणेकऱ्यांना व स्वयंपाक पाहणाऱ्या मावशींना ही गोष्ट निघण्यापूर्वीच सांगावी, ऐन पंगतीत नव्हे. स्वतःचा तवा, उलथणे आणि पिठाचा डबा खुणेच्या फडक्यात बांधावा, आणि पहिली भाकरी आपली करून घ्यावी, कारण कणकेचे हात एकदा परातीत पडल्यावर ती परात त्या दिवसापुरती आपल्या कामाची राहत नाही.