दारातली मेथी

पुण्यात ऑफिसात कुणाला सांगितलं की मी शनिवार-रविवारी गावी जाऊन मोडक्या क्रेटांत भाजी लावतो, की हमखास प्रश्न येतो, "पण तुमची तर शेती आहे ना?" आहे ना! चांगली साडेतीन एकर बागायत आहे. म्हणूनच तर ही वेळ आली.

आमचं गाव पिंपरी पेंढार. ओतूरहून आळेफाट्याकडे निघालं की कल्याण-अहिल्यानगर हायवेवर लागतं. घर गावठाणात नाही, मळ्यात. तीन बाजूंनी ऊस आणि चौथीकडे टोमॅटो किंवा कांदा, जे त्या वर्षी नानांच्या मनात येईल ते. आता गंमत बघा. एवढ्या रानात स्वैपाकघराला लागणारी भाजी कुठे, तर विहिरीपलीकडे दोन वाफे. मी शाळेत असताना हे वाफे घराच्या पाठीमागेच होते. मग ऊस वाढत गेला आणि वाफे सरकत सरकत पार बांधाच्या टोकाला गेले. पैसे देणाऱ्या पिकापुढे घरच्या भाजीला कोण विचारतो? २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात २० किलोचं टोमॅटोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं, देशभर बातम्या आल्या. आमच्या रानात नेमका तेव्हा टोमॅटो नव्हता. टोमॅटोच्या तालुक्यात राहून आईने महिनाभर आमटीत चिंच घातली.

असो. तर ते वाफे घरापासून दोनशे पावलांवर, आणि जायची वाट उसाच्या कडेने.

जुन्नरच्या माणसाला पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: उसात बिबट्या असतो. ‘येतो’ नाही, ‘असतो’. धरणांमुळे पाणी आलं, पाण्यामुळे ऊस आला, आणि वर्षभर उभ्या राहणाऱ्या उसात लपायला जागाच जागा. मादी तिथेच पिल्लं घालते, तिथेच वाढवते. मी बालवाडीत जायच्या आधीच, २००१ ते २००३ मध्ये, तालुक्यात माणसांवर एकामागून एक हल्ले झाले होते, त्यामुळे ‘अंधार पडायच्या आत घरी’ हे आम्हाला शुभंकरोतीबरोबरच शिकवलेलं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात दोन लहान मुलं आणि एक आजी गेल्या. तिथे लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागले. पिंपरखेड वेगळं, पिंपरी पेंढार वेगळं, पण नावातल्या सारखेपणामुळे टीममधल्या तिघांनी काळजीने मला फोन केले. मी हसून सगळ्यांना भूगोल शिकवला.

त्याच आठवड्यात बुधवारी संध्याकाळी सात वाजता मी घरी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. नाना पाण्याच्या पाळीसाठी खालच्या रानात, त्यांना रेंज नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा... शेवटी शेजारच्या काकांना लावला. ते बॅटरी घेऊन गेले. मी हिंजवडीच्या कॅफेटेरियात उभा. तेवढी अकरा मिनिटं मला कुठल्याही प्रॉडक्शन आउटेजमध्ये गेली नाहीत तशी गेली.

आई वाफ्यात बसून मेथी खुडत होती. फोन घरात चार्जिंगला.

"आरं, भाकरी टाकायच्या आधी म्हटलं जुडीभर आणावी," ती नंतर म्हणाली. मला राहून राहून एकच दिसत होतं. मेथी खुडणारं माणूस बसलेलं असतं, वाकलेलं असतं. आणि बिबट्याच्या दृष्टीने बसलेलं माणूस म्हणजे उभ्या माणसापेक्षा वेगळंच जनावर.

तर शनिवारी मी प्लॅन घेऊन हजर. भाजी दारात आणायची. ऊस मोडा म्हणून नानांना सांगण्यात अर्थ नव्हता (सांगून पाहिलं). घराच्या बांधकामात पाठीमागचा वाफा केव्हाच गेला, उरला फरशीचा ओटा आणि अंगणाची पट्टी. म्हणजे डब्यांत, गोण्यांत, जमेल त्यात. पुण्यातल्या नर्सरीतून आठ प्लॅस्टिकच्या कुंड्या आधीच चौदाशे रुपयांना घेऊन झाल्या होत्या. हा खर्च मी पुढच्या हिशेबात धरलेला नाही, स्टार्टअपवाले असंच करतात :)

बाकी सगळं फुकट मिळवायचं ठरवलं आणि इथे माझी अक्कल उघडी पडली. गोठ्यामागे औषधाचे रिकामे डबे पडलेले. पाच-पाच लिटरचे, मजबूत, कापले की झकास कुंडी! मी डझनभर डबे साबणाने धुऊन, तळाला भोकं पाडून, ओळीत मांडले. नाना आले, बघितलं आणि एक डबा माझ्यासमोर धरला. लेबलवर तिरका चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हा लाल होता. "ज्याचं झाकण मी उघड्या हाताने काढत नाही, त्यात आईसाठी मेथी लावतोस?" एवढंच बोलले. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला इतकं थोडक्यात कुणी नापास केलं नव्हतं.

मग त्यांनीच उपाय दाखवला. टोमॅटोची मोडकी क्रेटं. कडेला चीर गेली की बाजारात चालत नाहीत, पण फूटभर खोल, आणि बाजूंना जाळी असल्यामुळे पाणी साचायचा प्रश्न नाही. आतून खताची रिकामी गोणी धुऊन लावायची, तळाशी चार भोकं. पालेभाजीला सहा-सात इंच माती पुरते, मिरची-वांग्याला क्रेट पूर्ण भरायचं.

माती मात्र पहिल्या फेरीला फसली. आमची काळी माती रानात सोनं, पण क्रेटात भरली आणि दोन पाणी दिल्यावर वीट झाली. वर मी कच्चं शेणखत घातलं होतं. मुळा पिवळा पडून गेला. शहरातले लोक यासाठी कोकोपीट आणतात, ते इथे विकत घेणं म्हणजे चुन्याच्या भट्टीवर चुना विकत घेण्यासारखं. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी गच्चीवर भाजी पिकवताना उसाचा चोथा वापरायचे, हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्यांच्याकडूनच शिकून प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर स्वैपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी केली. मुंबईत रसवंतीवाल्याकडे जाऊन चोथा मागावा लागतो, आमच्याकडे तर पाचट बांधावर पेटवून देतात! तर आता एक वाटा माती, एक वाटा जुनं कुजलेलं शेणखत, एक वाटा कुजवलेलं पाचट. हात घातला तर कोपरापर्यंत जातो.

पाण्यासाठी जुन्या ठिबकची लॅटरल जोडायचा माझा बेत आईने उडवला. "मग तांदूळ धुतलेलं पाणी कुठं टाकू?" दोडक्याचा मांडवही उडवला, आणि त्यात तिचंच बरोबर होतं. घराभोवती झाडोरा वाढू देऊ नका, उजेड ठेवा असं वनखातं सांगतं, आणि मी दारात बिबट्याला आडोसा बांधायला निघालो होतो. ओट्याच्या कडेला एक एलईडी मात्र लावला.

हिशेब: बियाणं दोनशे दहा, दिवा आणि वायर दोनशे ऐंशी, सुतळी वीस. पाचशे दहा रुपये. चौदा क्रेटं.

मेथी पंचविसाव्या दिवशी खुडली. कोथिंबिरीचे धने मी अख्खे टाकले होते, आईने ते उकरून काढले, चपलेने चिरडले आणि परत पेरले. पालक एवढा आला की शेजारी द्यावा लागला. एका क्रेटात एकदम पेरायचं नाही, दर आठवड्याला दोन क्रेटं पेरायची, हे मी एक्सेलमध्ये मांडलं. आई ते कॅलेंडरवर सोमवारच्या चौकोनात टिंब काढून करते, आणि तिचं चुकत नाही.

नाना सुरुवातीला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोरगं साडेतीन एकर सोडून खोक्यात शेती करतंय." आता सांगतात, "फवारणी नाही हां यावर." रानातल्या टोमॅटोवर किती फवारे बसतात हे त्यांना माहीत असल्यामुळे ते तो मोजूनच खातात.

एवढं सगळं छान चाललेलं असताना परवा गुरुवारी फोनवर बोलता बोलता आई सहज म्हणाली, "आज वांग्याचं भरीत केलं." मी विचारलं, क्रेटातली वांगी निघाली का? तर म्हणे, "ती केवढी रं, लिंबाएवढी. विहिरीकडची आणली."

"किती वाजता गेलीस?"

"उजेड होता."

"किती वाजता?"

"सहा वाजले असतील. नाना होते ना बांधावर."

मी पुढे काही बोललो नाही. एका क्रेटात दोन वांगी लावली होती, ती तिथे दाटतात. एकच लावायला हवं. उद्या पहाटे निघतोय, नानांना क्रेटं बाजूला काढून ठेवायला सांगितलंय. ते म्हणाले सहा आहेत, दोन जास्तच मोडकी आहेत पण तारेने बांधून देतो.