खोक्यातला आवाज

संगीताला गळा लागतो, कान लागतो, हे सगळेच सांगतात. भांडे लागते, हे कोणी सांगत नाही. सतारीला भोपळा लागतो, घटमवाल्याला माठ लागतो आणि हल्लीच्या पोरांच्या मोबाईलला स्टीलचा पेला! फोन पेल्यात उभा केला की आवाज वाढतो, हे ज्याने शोधून काढले तो आमच्या मामांच्याच गोत्रातला असणार.

मामा यवतमाळचे. १९८४ च्या सुमारास त्यांनी एक आठ इंची स्पीकर आणला. नुसता स्पीकर, खोका घरी करायचा होता. उघडाच वाजवून पाहिला, तर तबल्यातला दायां तेवढा हजर, बायां रजेवर! मामांनी लगेच शास्त्र सांगितले. कागदी पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लाटा कडेने वळून एकमेकींना गाठतात आणि खाऊन टाकतात. बारीक सूर निसटतात, जाड सूर सापडतात.

"म्हंजे आपला पगार समज," मामा म्हणाले. "पुढल्या दारानं येते अन् मागल्या दारानं जाते."

राइस आणि केलॉग या अमेरिकन जोडीने आजच्या जातीचा स्पीकर १९२५ साली मांडला, तेव्हापासूनची ही भानगड. खोका आवाज वाढवायला नसतोच. भांडणाऱ्या दोन भावांमध्ये घालतात तसली ती भिंत असते.

पहिला मान माठाला मिळाला. गोल पोट, समोरासमोर भिंती नाहीत, त्यामुळे आतल्या आत आदळआपट कमी, असा हिशेब. बाजारात मामा एकेका माठात तोंड घालून "हूं" करू लागले. कुंभार बराच वेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, पाणी ठेवाचं हाय का गानं म्हनाचं?" तो माठ घरी आला, स्पीकर त्याच्या तोंडावर बसला आणि प्रत्येक गायक विहिरीत उतरून गाऊ लागला.

मग लाकूड. यवतमाळात राहून प्लायवूड आणणे म्हणजे नागपुरात राहून संत्री विकत घेऊन पुण्याहून मागवणे. एक जुने सागवानी दार कापले गेले. दोन फूट उंच, दीड फूट रुंद, फूटभर खोल खोका झाला. सांध्यांत लांबी भरली, वायरच्या भोकात मेण ओतले. कारण १९५४ साली एडगर विल्चर यांनी दाखवून दिले होते की खोका पक्का बंद असेल, तर आतली हवाच स्प्रिंगचे काम करते. उचलायला दोन माणसे लागत. मामांना त्याचाच अभिमान.

राहिला कापूस. आत कापूस भरला की खोका आहे त्याहून मोठा असल्यासारखा वागतो. (हा गुण काही माणसांतही आढळतो, पण त्यांच्यात काय भरलेले असते कोण जाणे.) पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यात कापसाला काय तोटा? तरी मामांनी जवळची खाण गाठली.

"अवो, माह्या गादीतला कापूस काहून उपसून राहिले तुम्ही?" मामी कडाडल्या. "मी निजू कशावर?"

मामांनी उत्तर दिले नाही. एक कॅसेट लावली. त्यांच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची. ती जाऊन तीन वर्षे झाली होती. छोट्या टेपवर ती कॅसेट आम्ही सर्वांनी ऐकली होती. ओव्या ऐकू येत, एवढेच. त्या दिवशी प्रथम ओवीखालून जात्याची घरघर आली. पायाखालची फरशी दळू लागल्यासारखी.

"इतके दिवस नुसती आई येत होती," मामा म्हणाले. "जातं येत नव्हतं. अन् ती जात्याबिगर कधी गात नसे."

मामी थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या. मग आत जाऊन आल्या. "उशीतला बी पायजे काय?" त्यांनी विचारले.

आजचा स्पीकर तळहातावर मावतो. जाड सूर पुरता वाजला नाही तरी वरच्या सुरांवरून आपला कान त्याचा अंदाज बांधतो. पदरचे घालून हिशेब जुळवतो. सोय मोठी आहे, तक्रार नाही. आजी खिशात मावते. जात्याला मात्र अजून जागा लागते.